टिटवी विचारपूस करत नाही

जव्हारजवळचा शिरपामाळ हा तसा इतिहासाचा माळ. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर स्वारी झाली, तिच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे उतरले, जव्हारच्या मुकणे घराण्यातल्या विक्रमशहाने त्यांचं स्वागत केलं आणि त्या भेटीतल्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडलं, असं इथे सांगतात. आज शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याकडून ज्या गाड्या जव्हारला येतात, त्या इतिहासासाठी कमी आणि हवेसाठी जास्त. दाभोसाचा धबधबा, हनुमान पॉइंट, पावसाळ्यातलं धुकं, आणि या सगळ्याला जोडून येणारं वाक्य म्हणजे 'इथे आलं की निम्मा आजार पळतो.' रक्तदाबवाले, मधुमेहवाले, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले, डोक्याला ताण झालेले असे सगळे हे वाक्य म्हणतात. त्याच रस्त्यावरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उलट्या दिशेने जात असते. तिच्यात जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरची अडलेली बाई असते, किंवा धाप लागलेलं मूल, आणि ती जात असते सुमारे ८० किलोमीटरवरच्या नाशिकला, कारण पुढचा इलाज तिकडे आहे. ज्या हवेत आजार पळतो, त्या हवेत जन्मल्यापासून राहणारी माणसं आजारी पडली की शहराकडे धावतात. या दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात तिथेच हा प्रश्न उभा राहतो. आजारपणात निसर्ग माणसाला नक्की काय देतो?

दिलासा देतो, हे मला मान्य आहे. त्याला पुरावाही आहे, तो पुढे येईल. माझं भांडण आहे ते त्या दिलाशाचं जे कारण आपण देतो त्याच्याशी. आपण म्हणतो, निसर्ग आई आहे, तो जवळ घेतो, मायेने बरं करतो. मला वाटतं, गोष्ट नेमकी उलटी आहे. निसर्गाला आपली काडीचीही पर्वा नाही, आणि आजारी माणसाला बरं वाटतं ते या बेपर्वाईमुळे. हे कारण नीट ओळखलं नाही तर दोन चुका होतात. एक म्हणजे आपण निसर्गाकडे डॉक्टरचं काम सोपवतो. दुसरी त्याहून वाईट. ज्यांच्याकडे निसर्ग भरपूर आहे, त्यांना डॉक्टर कमी असला तरी चालेल असं आपण नकळत धरून चालतो.

पहिल्या चुकीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिला 'हवापालट' असा छान शब्दही आहे. एकेकाळी डॉक्टर औषधाच्या बाटलीबरोबर हवापालट लिहून देत. महाबळेश्वर उभं राहिलं तेच १८२८ च्या सुमारास, आजारी गोऱ्या साहेबांना मैदानातल्या उष्म्यापासून वर नेण्यासाठी. पुढे क्षयाने कहर केला तेव्हा या कल्पनेला दवाखान्याची इमारत मिळाली. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, आणि मिरजेजवळ डॉ. वानलेस यांच्या नावाचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम उभं राहिलं. उघडा व्हरांडा, डोंगरावरचा वारा, ओळीने मांडलेल्या खाटा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं, त्यामुळे या लोकांनी केलं ते मोलाचंच होतं. पण वाऱ्याने क्षय बरा होतो की नाही, याची परीक्षा पुढे झाली, आणि ती आपल्याच देशात झाली. १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं. तिथे क्षयरोग्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथे त्यांना चांगला आहार, विश्रांती आणि मोकळी हवा होती. दुसऱ्या गटाला त्यांच्या घरीच ठेवलं. ही घरं शहरातल्या दाटीवाटीच्या गरीब वस्तीतली होती, खाणं बेताचं, आणि कामधंदाही पुष्कळदा सुटत नव्हता. औषध मात्र दोन्हीकडे एकच. १९५९ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभराच्या औषधाने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. त्यानंतर जगभर सॅनेटोरियमं रिकामी होत गेली. डोंगरवारा कमी पडला म्हणून नव्हे, तर जंतू मारण्याच्या कामात त्याचा हात नव्हताच हे कळलं म्हणून.

मद्रासच्या त्या प्रयोगाला मी या सगळ्या चर्चेचा पाया मानतो. निसर्गाच्या बाजूने आज जे काही बोलायचं ते या निष्कर्षाला वळसा घालून बोलता येणार नाही. मग उरतं काय? बरंच उरतं, फक्त त्याचं खातं वेगळं आहे. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाल्यांना घरी जायला सरासरी ७.९६ दिवस लागले, भिंतवाल्यांना ८.७०. झाडं पाहणाऱ्यांनी जोरदार वेदनाशामकं कमी मागितली, आणि परिचारिकांच्या वहीत त्यांच्याबद्दल 'रडवेला आहे', 'धीर द्यावा लागतो' अशा अर्थाचे शेरे कमी होते. ४६ माणसं, एकच रुग्णालय, एकच शस्त्रक्रिया, त्यामुळे यावर मोठी इमारत बांधू नये. पण आकड्यांकडे नीट पाहिलं तर ते काय सांगतात हे कळतं. झाडांनी पित्ताशय बरं केलं नाही. ते सर्जनने काढून टाकलं होतं. झाडांनी बदललं ते मधलं पडून राहणं. किती दुखतंय, किती धीर सुटतोय, रात्र किती लांब वाटतेय, हे सगळं.

नंतरच्या अभ्यासांचा कलही तोच आहे. इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं किंवा अधिक वेळ झाडापेडांत घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे की धडधाकट माणूसच बाहेर हिंडतो, मग हिंडण्याने तो धडधाकट झाला असं कसं म्हणायचं? अशा पाहणीतून त्याचं संपूर्ण उत्तर मिळत नाही. मात्र दीर्घ आजार असलेल्या लोकांतही हाच कल दिसला, ही गोष्ट सहज झटकून टाकण्याजोगी नाही. २०२२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी १,२९२ लोकांना मोबाइलवरून दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता कसं वाटतंय, आणि आसपास पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का. पक्षी असताना लोकांना बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं काही तास, जास्तीत जास्त आठ तासांपर्यंत, टिकत होतं. नैराश्याचं निदान झालेल्यांतही हे दिसलं. पाखराच्या आवाजाने आठ तास म्हणजे रात्रपाळीची एक पूर्ण ड्युटी. जन्मभर पुरणारं काही इथे कोणी देऊ करत नाही, आणि मला हे आश्वासन त्याच्या कोतेपणामुळेच खरं वाटतं.

आता कारणाकडे येऊ. दीर्घ आजारात माणसाचं सर्वांत मोठं नुकसान कोणतं? वेदना तर आहेच. पण त्याबरोबर असं होतं की सगळं जग त्याच्याभोवती गोळा होतं. सकाळी डोळे उघडले की कोणीतरी विचारतं, झोप लागली का? मग नाडी, मग तापमान, मग गोळी घेतली का, मग शेजारच्या काकू, मग गावाहून फोन. मराठीत याला विचारपूस म्हणतात, आणि ती मायेनेच होते. पण प्रत्येक विचारपूस रुग्णाला आठवण करून देते की तू रुग्ण आहेस. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि तेही समोरच्याला धीर वाटेल असं. आजारी माणूस दिवसभर दुसऱ्यांची समजूत घालत असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अशा माणसाला घरात एकच पाहुणा परवडतो. आपल्याला काहीही न विचारणारा.

शिरपामाळासारख्या उघड्या, खडकाळ माळावर टिटवी असते. मार्चनंतर ती अंडी घालते, बहुधा चार. घरटं म्हणजे काय, तर जमिनीत एक उथळ खळगा आणि कडेला चार खडे. अंडी मातकट, वर काळसर ठिपके. पायाशी असली तरी दिसत नाहीत. उन्हाचा तडाखा वाढला की नर-मादी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. जवळपास महिनाभर हे चालतं. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस त्या बाजूला फिरकला की रात्री-अपरात्रीही आकांत करतात. टिटवी समुद्र आटवायला निघते, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही. आणि याच ओरडण्याला आपण अपशकुन ठरवलं आहे. आजारी माणसाच्या घरावरून टिटवी ओरडत गेली की घरातली म्हातारी माणसं चरकतात. टिटवीला या घरात कोण अंथरुणावर आहे याची खबर असते, असं आपण गृहीत धरतो. तिला फक्त तिच्या अंड्यांची चिंता असते. माझ्या मते अपशकुन मानणारा आणि 'निसर्गमाता' म्हणणारा, दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. दोघांनाही वाटतं की बाहेरचं सगळं आपल्याबद्दलच चाललं आहे. टिटवीचा दिलासा हवा असेल तर आधी हे मान्य करावं लागतं की ते आपल्याबद्दल नाही. मग खाटेवरचा माणूस महिनाभर त्या चार अंड्यांची काळजी करू शकतो. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तो स्वतःखेरीज कोणाची तरी काळजी करतो.

चार्ल्स डार्विनचं आयुष्य दुखण्यात गेलं. पोट, उलट्या, थकवा. १८६३ च्या उन्हाळ्यात तो असाच खोलीत अडकला होता तेव्हा काकडीच्या कुळातली एक वेल त्याच्या टेबलावर होती. आधार शोधणारा तिचा शेंडा हवेत गोल फिरतो आणि एक फेरी दीड-दोन तासांत पुरी करतो, हे त्याने खोलीत बसल्याबसल्या टिपलं. त्यातून वेलींवरचा त्याचा प्रबंध १८६५ साली झाला. धडधाकट माणूस दीड तास वेलीकडे बघत बसत नाही. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात घराघरापुढे दोडक्याचा नाहीतर काकडीचा मांडव असतो, कुंपणावर करटुली चढलेली असते. ही सगळी त्याच वेलीची भावंडं. एलिझाबेथ टोव्हा बेली या अमेरिकन लेखिकेचं उदाहरण तर त्याहून साधं आहे. कूस बदलण्याचंही त्राण नसलेल्या या बाईंना कोणीतरी रानातल्या फुलझाडाची कुंडी आणून दिली, आणि तिच्यासोबत एक गोगलगाय आली. तिचा वेग या बाईंच्या वेगाशी जुळणारा होता. शांत खोलीत गोगलगाय खाताना बारीक आवाज येतो, तो त्यांना ऐकू येई. त्यावर त्यांनी २०१० साली पुस्तक लिहिलं. आजार बरा झाल्याची ती कथा नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं नाव दुर्गा भागवतांचं. मध्य भारतातल्या आदिवासी मुलखात संशोधनासाठी हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि पुढची जवळपास सहा वर्षं आजारपणात गेली. जंगलाने त्यांना माया दाखवली नाही, तिथल्या एका कंदाने आयुष्याची उमेदीची वर्षं खाऊन टाकली. १९५६ साली त्यांचं 'ऋतुचक्र' आलं. आजारामुळे पुस्तक झालं, असं सोपं समीकरण मी मांडणार नाही. लक्ष वेधायचं आहे ते एवढ्याकडेच की ज्या निसर्गाने अंथरुणावर टाकलं, त्याच्याकडे या बाई नंतर रागाने किंवा भक्तीने पाहत नाहीत, कुतूहलाने पाहतात. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाड काय करतं, ढग काय करतो, हे विचारताना त्यातून मला काय मिळालं हा हिशेब त्या मागत नाहीत. मराठीत निसर्गावर गोड लिहिणारे पुष्कळ झाले. ही कोरडी, जागी नजर मात्र विरळा, आणि आजाऱ्याला उपयोगी पडते ती हीच.

इथे कोणी अडवेल की बेपर्वाईच हवी असेल तर विटांची भिंतही बेपर्वा आहे, रस्त्यावरची वाहतूकही बेपर्वा आहे. मग उलरिकच्या भिंतवाल्यांना बरं का वाटलं नाही? प्रश्न चोख आहे. भिंत बेपर्वा आहे, पण तिथे काही घडत नाही, आणि जिथे काही घडत नाही तिथे मन परत दुखण्याकडे वळतं. वाहतुकीत घडतं पुष्कळ, पण प्रत्येक हॉर्न कोणाला तरी हुकूम करत असतो, त्यामुळे कान टवकारले जातात आणि थकतात. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याची उकल केली आहे. लक्ष देण्याची आपली ताकद वापराने शिणते, आणि जिथे लक्ष ओढलं जातं पण काही मागितलं जात नाही तिथे ती भरून येते. हलणारी पानं, मुंग्यांची रांग, ढगांची सावली ही अशी ठिकाणं. मी त्यात एकच भर घालीन. मुंगीला तिचं काम असतं. सजीव आपल्या कामात गुंतलेला पाहणं आणि पडद्यावर फिरत्या चित्रांकडे पाहणं यांत हा फरक आहे, आणि दिवसभर वॉर्डातल्या टीव्हीखाली पडलेल्या रुग्णाला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो याच मातीतून येतो. निसर्गाच्या दिलाशाच्या गप्पा जव्हार-मोखाड्यात कोणापुढे करायच्या? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं गेली. आसपास डोंगर होते, साग-ऐन-मोहाचं रान होतं, पावसाळ्यात धबधबे होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या बोटोशीतल्या मरकटवाडीत रस्ता नसल्यामुळे बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागलं, तिची जुळी बाळं वाचली नाहीत. तो दिवस कोणत्याही पर्यटकाला रम्य वाटला असता. पाऊस, हिरवा डोंगर, वाहता ओढा. त्याच ओढ्यांचं पाणी वैतरणेच्या धरणांत साठून मुंबईला जातं, मुंबईतला रुग्ण त्या पाण्याबरोबर गोळी गिळतो, आणि एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. हे सगळं समोर असताना पाखरांच्या आवाजाबद्दल लिहिणं हा चोचला आहे, असं कोणी म्हटलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

पण हा आक्षेप ज्या मताला उखडतो ते मायाळू निसर्गाचं मत आहे, माझं नव्हे. निसर्ग काळजी घेत नाही, हेच तर मी म्हणतो आहे. घेत असता तर वावर-वांगणीची मुलं आधी जगली असती. काळजी घेणं हे माणसांचं काम आहे, अंगणवाडीचं, रस्त्याचं, रक्तपेढीचं, तालुक्याला टिकणाऱ्या डॉक्टरचं. कोकणातलंच आणखी एक उदाहरण घ्या. लाल विंचू हाही वन्यजीवच. तो चावला की पूर्वी सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. विंचवाच्या विषावर उतारा झाडाखाली बसून सापडला नाही. ज्या दिवशी एखादा अधिकारी किंवा एखादा भाबडा निसर्गप्रेमी म्हणेल की आदिवासी निसर्गाच्या कुशीत सुखी आहेत, त्या दिवशी त्याला याच दोन गोष्टी सांगाव्यात, वावर-वांगणी आणि विंचू. बेपर्वाई ही दुधारी आहे. जी खाटेवरच्याला मोकळं करते तीच उपाशी मुलाला मरू देते. म्हणून आधी औषध, आधी रस्ता, आधी भाकरी.

यावर वारली समाज जाणणारा कोणी म्हणेल की तुमची ही बेपर्वा निसर्गाची कल्पना शहरी आहे. इथल्या माणसाला धरतरी आई आहे, कणसरी धान्याची देवी आहे, रानाच्या तोंडाशी लाकडावर कोरलेला वाघोबा आहे, त्याच्या बाजूला सूर्य-चंद्र आहेत. आजार आला तर भगत कोणत्या देवाचं काय चुकलं ते पाहतो. म्हणजे निसर्गाशी नातं आहे, आणि नात्यात पर्वा असतेच. मी या श्रद्धेचा अभ्यासक नाही, तिच्यावर अधिकाराने बोलणार नाही. पण बाहेरून जे दिसतं ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. वाघोबाला मान द्यावा लागतो, वाघबारशीला नैवेद्य दाखवावा लागतो. जो आपोआप प्रेम करतो त्याच्याशी असा ठराव कोणी करत नाही. ठराव होतो तो शेजारच्या जबरदस्त माणसाशी, ज्याचं स्वतःचं वेगळं चालतं आणि ज्याचा भरवसा धरता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे शहरी 'निसर्गमाते'पेक्षा वाघोबा कितीतरी प्रामाणिक आहे. त्याच्यात भीती आहे. शहरी माता मात्र फक्त फोटोत हसते.

आणि एक गोष्ट इथल्या माणसाकडे आहे जी शनिवारच्या पाहुण्याकडे नाही, ती म्हणजे ओळख. पहिल्या पावसानंतर शेवळी कुठे फुटते, ती खाजू नये म्हणून काय घालायचं, पावशा कधी ओरडायला लागला म्हणजे वरी-नागलीच्या पेरणीची तयारी धरायची, हे ज्याला ठाऊक आहे त्याला खाटेवर पडूनही बाहेर काय चाललंय हे नुसत्या आवाजावरून कळतं. ज्याला एकही नाव माहीत नाही त्याला नुसती हिरवळ दिसते, आणि ती अर्ध्या तासात कंटाळवाणी होते. म्हणून 'जंगल-स्नान' नावाने आता जी महागडी पॅकेजं निघाली आहेत त्यांचं मला हसू येतं. ओळख भाड्याने मिळत नाही. ती तब्येत चांगली असताना, वर्षानुवर्षं, फुकट होते आणि दुखण्यात कामी येते.

तिसरा आक्षेप थोडक्यात. कळ येते तेव्हा कोणाला पाखरं सुचतात? कोणालाच नाही. सिकलसेलची वेदना उठली की माणसाला वेदनाशामक हवं, सलाईन हवं, लगेच हवं. पालघरसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, तो जन्माबरोबर येतो आणि जन्मभर राहतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला अभियान सुरू केलं, त्याची मुदतच २०४७ ची आहे. पण अशा आजारात दोन कळांच्या मधे पुष्कळ दिवस असतात. क्षयाच्या औषधाचे सहा महिने असतात, डायलिसिसचे चार-चार तास असतात, बाळंतपणानंतर वॉर्डात काढलेले दिवस असतात. औषध आपलं काम करत असतं आणि माणसाला करण्यासारखं काही नसतं. मी ज्या दिलाशाबद्दल बोलतो आहे तो या मधल्या रिकाम्या वेळासाठी आहे. वैद्यकाला या वेळाबद्दल फारसं काही सांगायचं नसतं, आणि बहुतेक आजारी आयुष्य याच वेळात जातं.

जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयापासून नाशिक-ठाण्याच्या मोठ्या इमारतींपर्यंत, सरकारी रुग्णालयाचा आराखडा करणाऱ्याने हे मनावर घ्यायला हरकत नाही. पाड्यावरून आलेल्या बाईचं घर, माणसं, बोली, सगळं एका दिवसात सुटतं. वॉर्डात तिला तिचं असं ओळखीचं काहीच नसतं. अंगणात मोह किंवा पळस असेल, तर फांदीवर कोतवाल येऊन बसेल, आणि त्याला ती लहानपणापासून ओळखते. मोठी बाग, कारंजं, भिंतीवर वारली चित्रं रंगवणं, यांतलं काही लागत नाही. (भिंतीवरची चित्रं तर बहुतेक वेळा उद्घाटनाच्या फोटोसाठीच असतात.) आवारातलं जुनं झाड पार्किंगसाठी तोडू नका. खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला पांढरा रंग फासू नका, कारण पडलेल्या माणसाला तेवढाच भाग दिसतो. आणि खाट वळवा. बहुतेक वॉर्डांत खाटेचं डोकं खिडकीकडे आणि पाय वाटेकडे असतात, म्हणजे डॉक्टरला रुग्ण दिसतो आणि रुग्णाला समोरचा रुग्ण. खाट फिरवायला निविदा काढावी लागत नाही. दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात.

नातेवाइकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी कोणाला बघायला जाल तेव्हा पहिली पाच मिनिटं तब्येतीबद्दल काही विचारू नका. येताना वाटेत काय दिसलं ते सांगा.